स्वकष्टाच्या मिळकतीचा मान : रमाबाई रानडे

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सुधारणापर्वाचा इतिहास बहुधा चार प्रश्नांभोवती लिहिला जातो. स्त्रीशिक्षण, संमतिवय, पुनर्विवाह आणि केशवपन हे ते चार प्रश्न होत. या प्रश्नांवर सभा गाजल्या, वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले आणि पुण्याच्या पेठांत तट पडले. याच चार प्रश्नांच्या मुळाशी एक पाचवा प्रश्न होता. त्याची चर्चा मात्र त्या मानाने फार थोडी झाली. तो प्रश्न स्त्रीच्या मिळकतीचा होता. शिकलेल्या बाईने त्या शिक्षणाचे पुढे काय करावयाचे, पुनर्विवाह न करणाऱ्या विधवेने पोट कशावर भरावयाचे आणि जिच्या हाती स्वतःचा एक रुपयाही नाही तिच्या मताला घरात किंवा घराबाहेर किंमत कोण देणार, हे सारे त्या एका प्रश्नाचेच पैलू होते. या प्रश्नाला भाषणांनी उत्तर देण्याऐवजी ज्यांनी संस्थेच्या रूपाने उत्तर दिले, त्यांत श्रीमती रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या सुविद्य पत्नी एवढीच रमाबाईंची ओळख पुष्कळांच्या मनात असते. ती ओळख खरी आहे; पण अपुरी आहे. 1901 साली न्यायमूर्ती निवर्तले, तेव्हा रमाबाई एकोणचाळीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. त्यानंतरची तेवीस वर्षे त्यांची स्वतःची होती, आणि त्या तेवीस वर्षांतच त्यांचे सर्वांत मोठे कार्य घडले.

माहेर आणि सासर

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी, तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी झाला. माहेरचे घराणे कुर्लेकरांचे आणि माहेरचे नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी आणि देवधर्माचे होते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या काळी अशा घरांत नव्हती. बाई शिकली की घरावर काही तरी अरिष्ट येते, हा समज नुसता बोलण्यापुरता नव्हता. लोक तो खराच मानीत. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत यमुनेच्या हाती पाटी आली नव्हती.

1873 च्या डिसेंबरात तिचा विवाह माधवराव रानडे यांच्याशी झाला. माधवराव त्या वेळी एकतीस वर्षांचे, पुण्यातील न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर आणि विधवाविवाहाच्या चळवळीतील आघाडीचे पुरुष होते. त्यांच्या पहिल्या पत्नी त्याच वर्षी वारल्या होत्या. आता माधवराव एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी त्यांच्या स्नेह्यांची अपेक्षा होती. वडील गोविंदराव यांना नेमकी त्याचीच धास्ती होती. त्यांनी घाईने मुलगी पाहिली आणि मुलाने नकार दिल्यास संबंध तोडण्यापर्यंत गोष्ट आणली. माधवरावांनी वडिलांपुढे मान तुकविली. समाजाला उपदेश करणाऱ्या सुधारकाने स्वतःवर वेळ येताच माघार घेतली, ही टीका त्यांना जन्मभर ऐकावी लागली. ती अन्यायाची होती असे म्हणता येत नाही.

त्या प्रसंगाचे शल्य माधवरावांच्या मनात खोल गेले असावे. लग्न होऊन घरी आलेल्या मुलीला लिहितावाचता येत नाही हे कळताच त्यांनी स्वतः तिला धुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. दिवसभराचे न्यायालयाचे काम आटोपल्यावर रात्री हा अभ्यास चाले. मराठी वाचता येऊ लागल्यावर शिक्षिका ठेवण्यात आली आणि त्यानंतर इंग्रजी सुरू झाले.

माजघरातील परीक्षा

ही गोष्ट ऐकावयास सरळ वाटते. प्रत्यक्षात ती मोठी कठीण होती, कारण रानड्यांचे घर भरलेले होते आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. माधवरावांना कोणी तोंडावर काही बोलत नसे. सारा राग त्या लहान मुलीवर निघे. टोमणे, अबोला, कामात मुद्दाम काढलेली खोट यांतून रमाबाईंचे दिवस जात. नवऱ्याने सांगितले तर शिकावे लागेल आणि शिकले तर घर रुसेल, अशा दुहेरी पेचात ती अकरा-बारा वर्षांची मुलगी सापडली होती. तिने उलट उत्तर न देण्याचे आणि पुस्तक न सोडण्याचे ठरविले. पुढे सार्वजनिक जीवनात रमाबाईंचा जो संयम सर्वांच्या प्रत्ययास आला, त्याचा पाया या माजघरात घातला गेला होता.

माधवरावांच्या बदल्यांबरोबर रमाबाई नाशिक, धुळे अशा गावी राहिल्या. नाशिकात त्यांनी पहिल्यांदा सभेत भाग घेतला आणि बायकांच्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने शाळेकडे लोकांचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्यांच्या व्याख्यानांना रमाबाई रानडे नियमाने जाऊ लागल्या. एक विदुषी सभेत उभी राहून शास्त्रार्थ सांगते, हे दृश्य पुण्याला नवे होते. व्याख्यानाला जाणाऱ्या बायकांनाही त्यापायी घरी बोलणी खावी लागत.

मुलींसाठी पुण्यात इंग्रजी हायस्कूल असावे या मागणीने त्याच सुमारास जोर धरला. त्यासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरसाहेबांसमोर रमाबाईंनी इंग्रजी निवेदन वाचून दाखविले. बाहेर कौतुक झाले. घरी परतल्यावर मात्र त्यांना फार ऐकून घ्यावे लागले. 1884 साली हे हायस्कूल सुरू झाले. पुढे हुजूरपागा या नावाने ते साऱ्या महाराष्ट्रास परिचित झाले.

1886 साली सरकारने नेमलेल्या एका अर्थविषयक समितीच्या कामासाठी माधवराव कलकत्त्यास गेले, तेव्हा रमाबाई बरोबर होत्या. तेथे बंगाली वर्तमानपत्र विकणारा दाराशी आला असता, आपल्याला ती भाषा येत नाही म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. एवढ्याशा गोष्टीचे माधवरावांना वाईट वाटले. त्यांनी बंगाली पुस्तके आणली आणि दाढी करावयास आलेल्या न्हाव्याकडूनही शब्द विचारून घेत ती भाषा आत्मसात केली. मग त्यांनी ती रमाबाईंनाही शिकविली. शिकण्यात कमीपणा नाही आणि शिकविणारा कोण आहे हे पाहावयाचे नाही, हा धडा रमाबाईंनी तेथे घेतला.

1893 साली माधवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि कुटुंब मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांच्या मंडळाच्या कामात लक्ष घातले. भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम आणि हस्तकला यांचे वर्ग त्या मंडळात चालत. बायका जमवावयाच्या कशा, जमलेल्यांना टिकवावयाचे कसे आणि घरच्या पुरुषांची संमती मिळवावयाची कशी, याचा अनुभव त्यांना या काळात मिळाला.

अन्नवस्त्राचा हक्क

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई पुण्यास परतल्या आणि फुले मंडईजवळच्या घरात त्यांनी स्वतःला कोंडून घेतले. सुमारे एक वर्ष त्या समाजात वावरल्या नाहीत. त्यांना मूल नव्हते. न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून त्यांना पैशाची ददात पडली नाही. पण वैधव्य म्हणजे काय याचा अनुभव त्यांनाही चुकला नाही.

त्या काळच्या विधवेची आर्थिक स्थिती समजून घेतल्याखेरीज रमाबाईंच्या पुढील कामाचे महत्त्व कळणार नाही. एकत्र कुटुंबातील विधवेला नवऱ्याच्या वाट्यावर मालकी मिळत नसे. तिला हक्क होता तो अन्नवस्त्राचा. स्त्रीधन म्हणून जे दागिने अंगावर असत, तेही पुष्कळदा दिरा-भाच्यांच्या ताब्यात जात. दहा-बारा वर्षांची मुलगी विधवा झाली की पुढची चाळीस-पन्नास वर्षे ती स्वयंपाक, दळण, पाणी, बाळंतपणे आणि आजारपणे यांत घरासाठी राबे. या श्रमाचा मोबदला म्हणजे दोन लुगडी आणि एक वेळचे जेवण. त्यातही आपण पोसल्या जात आहोत हे तिला पदोपदी ऐकावे लागे. घराचे गाडे जिच्या कष्टावर चाले, तिचीच गणना घरावरच्या भारात होई.

या प्रश्नाला हात घालणारे पूर्वी झाले नव्हते असे नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढून पहिली वाट पाडली होती. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. तेथे विधवांना शिक्षणाबरोबर उपजीविकेचे साधन मिळावे अशी योजना होती. परंतु सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा बोभाटा झाला, आणि 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध सोडला. त्यामुळे असल्या संस्थांविषयी पुण्यातील हिंदू कुटुंबांत संशय बळावला. 1896 साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास नेला आणि तो विश्वास पुन्हा जोडण्यास प्रारंभ केला. या पार्श्वभूमीवर रमाबाई पुढे आल्या.

1904 साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटण्यास त्या जात असत, त्यांच्याशी बोलत आणि त्यांना वाचून दाखवीत. अन्न आणि आधार या दोहोंवाचून बाई कोठवर जाते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

सेवासदन

1908 साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोन गृहस्थांनी मुंबईत सेवासदन काढले. एक पारशी, दुसरे सिंधी. भारतीय स्त्रियांना शिक्षण द्यावे आणि त्यांच्यातून शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका तयार कराव्यात, ही त्यांची कल्पना होती. संस्थेच्या पहिल्या अध्यक्ष म्हणून त्यांनी रमाबाईंना पाचारण केले. पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1909 रोजी, पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्यात रमाबाईंना मोलाची साथ दिली. पहिले वर्ग रानड्यांच्या राहत्या वाड्यातच भरले. ज्या घरात एके काळी पुस्तक हाती धरल्याबद्दल एका मुलीला टोमणे सोसावे लागले होते, त्याच घरात आता मोठ्या वयाच्या बाया पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या.

याच सुमारास, 1910 साली, न्यायमूर्तींच्या स्मरणार्थ पुण्यात औद्योगिक आणि आर्थिक शिक्षणाची संस्था उभी राहिली. हिंदुस्थानचे दारिद्र्य शेतीवरच्या भारामुळे आहे, देशात उद्योग वाढल्याशिवाय ते हटणार नाही, हा विचार माधवरावांनी आयुष्यभर मांडला होता. 1898 साली निघालेल्या त्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधांच्या ग्रंथाने तो साऱ्या देशापुढे ठेवला. देशातील अर्धे हात कोणत्याही कौशल्यावाचून आणि कोणत्याही मोबदल्यावाचून राहिले, तर तो उद्योग वाढणार कसा, हा मुद्दा त्या विचाराला जोडून येतोच. सेवासदनाने तो प्रत्यक्ष कामाने पुढे आणला. त्या दृष्टीने पाहता न्यायमूर्तींची दोन स्मारके त्या काळात उभी राहिली असे म्हणता येईल, आणि त्यांतील वाड्यात उभे राहिलेले स्मारक अधिक धाडसाचे होते.

सेवासदनाच्या कामाची पद्धत पाहिली म्हणजे रमाबाईंची व्यवहारदृष्टी ध्यानात येते. घरच्या बायकांना सकाळ आणि संध्याकाळ मोकळी नसते. चार घटका मिळतात त्या दुपारच्या. म्हणून प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारी भरत. प्राथमिक वाचन-लेखनाबरोबर शिवण, भरतकाम आणि प्रथमोपचार शिकविले जाई. ज्या बाईला घराबाहेर नोकरी करणे शक्य नव्हते, तिला घरबसल्या चार पैसे मिळावेत ही त्यामागची योजना होती. ज्यांना पूर्णवेळ शिकणे शक्य होते त्यांच्यासाठी दोन मार्ग खुले करण्यात आले. एक शिक्षिकेचा आणि दुसरा परिचारिकेचा.

शिक्षिकेचा मार्ग तुलनेने सोपा होता. मुलींच्या शाळा वाढत होत्या, पण शिकविण्यास स्त्रिया मिळत नव्हत्या. पुरुष शिक्षक आहे म्हणून पालक मुलीला शाळेतून काढून घेत. शिक्षिका नाही म्हणून मुली शिकत नाहीत आणि मुली शिकत नाहीत म्हणून शिक्षिका तयार होत नाहीत, असे हे चक्र होते. ते फोडण्यासाठी हाताशी होती ती तरुण विधवा. तिला शिकवून तयार केले तर तिलाही मानाची उपजीविका मिळणार होती आणि तिच्या हाताखाली आणखी शेकडो मुली शिकणार होत्या. सेवासदनाने पुढे स्वतःचे अध्यापिका विद्यालय चालविले ते याच हिशेबाने.

परिचारिकेचा पेशा

खरी कसोटी होती ती दुसऱ्या मार्गावर. रुग्णालयातील शुश्रूषा हा त्या काळी हिंदू घरंदाज स्त्रीने करण्याचा धंदाच नव्हे, अशी सार्वत्रिक समजूत होती. हे काम बहुधा युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती स्त्रिया करीत. परपुरुषाच्या अंगाला हात लावावयाचा, रक्त-पू-मलमूत्र उचलावयाचे, जातपात न पाहता औषधपाणी करावयाचे आणि रात्रपाळीला घराबाहेर राहावयाचे. यांतील एकेक गोष्ट त्या वेळच्या सोवळ्याच्या कल्पनांना सुरुंग लावणारी होती. गंमत अशी की, घरातील आजाऱ्याची हीच सारी सेवा विधवा बाई पिढ्यान्‌पिढ्या करीत आली होती. घरात तिला त्याचे नाव नव्हते आणि दामही नव्हता. तेच काम शिकून, पगार घेऊन, रुग्णालयात करावयाचे म्हटले की मात्र कुळाला बट्टा लागत असे.

रमाबाईंनी पुण्याच्या ससून रुग्णालयाशी संबंध जोडून परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि या मुलींसाठी वसतिगृह काढले. वसतिगृह ही केवळ राहण्याची सोय नव्हती. एकट्या स्त्रीला शहरात खोली मिळणे अशक्य होते आणि मिळाली तरी लोकापवाद टळत नसे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीची देखरेख असलेल्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीकडे बोट दाखविण्यास मात्र लोक धजत नसत. रमाबाईंनी आपल्या नावाचा सारा मान या मुलींच्या पाठीशी उभा केला. त्या स्वतः साध्या राहणीच्या, व्रतस्थ आणि धर्मशील होत्या. घरी येणाऱ्या जुन्या वळणाच्या बायकांशी त्यांच्याच भाषेत बोलत. त्यामुळे ज्या घरांनी दुसऱ्या कोणाच्या संस्थेत मुलगी पाठविली नसती, ती घरे रमाबाईंवर विश्वास ठेवून मुलगी पाठवीत.

1915 साली पुणे सेवासदन ही रीतसर नोंदलेली संस्था झाली. अध्यापिका विद्यालय, तीन वसतिगृहे, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींची सोय आणि परिचारिकांचे शिक्षण असा तिचा पसारा वाढला. वाड्यातील मूठभर बायांपासून सुरू झालेल्या या कामाचा व्याप असा झाला की, रमाबाईंच्या अखेरच्या दिवसांत संस्थेच्या निरनिराळ्या शाखांत एक हजारांहून अधिक स्त्रिया शिकत होत्या.

आधी मुलगे, मग मुली?

संस्थेच्या कामात गढलेल्या रमाबाईंना दोन सार्वजनिक लढे द्यावे लागले. दोहोंच्या मुळाशी पैशाचाच प्रश्न होता.

1918 साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. पुण्याच्या नगरपालिकेपुढे हा विषय येताच वाद उभा राहिला. पैसा अपुरा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलांना लागू करावी आणि मुलींचे पुढे पाहावे, असे एका मोठ्या पक्षाचे म्हणणे होते. लोकमान्य टिळकांसारखे नेतेही खर्चाच्या कारणास्तव त्याच बाजूस होते. रमाबाईंनी याला स्वच्छ विरोध केला. पैसा कमी असेल तर तो मुलगे आणि मुली या दोघांच्या वाट्याला सारखा कमी यावा. अडचणीच्या वेळी मागे ठेवावयाचे ते नेहमी मुलींनाच का, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. 1920 साली या मागणीसाठी पुण्याच्या रस्त्यांवर स्त्रियांची मिरवणूक निघाली आणि साठीकडे झुकलेल्या रमाबाई या चळवळीच्या अग्रभागी होत्या. घरात कधी उलट उत्तर न देणाऱ्या बाईने शहराला दिलेले हे उत्तर होते.

दुसरा लढा मताधिकाराचा होता. 1919 च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांना मत द्यावे की नाही हे ठरविण्याचे काम प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविले. मुंबई इलाख्यात या मागणीसाठी सभा घेण्यात रमाबाई पुढे होत्या आणि 1921 साली मुंबईच्या कायदेमंडळाने तो ठराव संमत केला. परंतु मत होते ते शेतसारा, घरपट्टी, मिळकत यांच्या आधारावर. ज्यांच्या नावावर जमीन नाही आणि घर नाही, त्यांना मताचा अधिकार असून नसल्यासारखाच होता. त्यामुळे प्रत्यक्षात फारच थोड्या स्त्रियांची नावे यादीत आली. राजकीय हक्काची दोरी आर्थिक हक्काला कशी बांधलेली असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

कार्याच्या मर्यादा

रमाबाईंच्या कार्याला मर्यादा नव्हत्या असे म्हणणे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणार नाही. सेवासदनाचा प्रारंभीचा वर्ग मुख्यतः पांढरपेशा घरांतला होता. कुणबी, माळी, कोळी, महार, मांग अशा कष्टकरी जातींतील बाई शेतात, मंडईत, रस्त्यावर आणि पुढे गिरण्यांत केव्हापासून राबत होती. मिळकत तिला नवी नव्हती. तरीही ती समतेच्या जवळ पोहोचली नाही, कारण तिची मजुरी पुरुषाहून कमी असे आणि त्या मजुरीवरही तिची सत्ता नसे. केवळ कमाईने समता येत नाही. कमाईबरोबर कौशल्य, समाजाकडून मान आणि त्या पैशावर स्वतःचा अधिकार लागतो. रमाबाईंच्या संस्थेने पहिल्या दोन गोष्टी मिळवून दिल्या. तिसरीसाठी कायद्याची वाट पाहावी लागली.

त्यांच्या सावधपणावरही टीका झाली. जुन्या मंडळींना त्या फार पुढे गेलेल्या वाटत, तर उत्साही सुधारकांना त्या फार हळू चालतात असे वाटे. स्वतःच्या पेहरावात, आचारात आणि व्रतवैकल्यांत त्यांनी बंड केले नाही. पण त्यांच्या संस्थेतून बाहेर पडणारी मुलगी दरमहा पगार घेऊन येत होती, आणि त्या पगाराने घरातील नात्यांचा तोल हळूहळू बदलत होता. पोसली जाणारी बाई घर पोसू लागली की तिच्याशी बोलण्याचा सूरही बदलतो. हे परिवर्तन सभेतल्या टाळ्यांनी मोजता येत नाही.

मागे उरलेले

1924 साली रमाबाईंचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1962 साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. 1937 साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क मिळाला आणि 1956 च्या वारसा कायद्याने तो पूर्ण मालकीचा झाला. 1976 साली समान कामास समान वेतनाचा कायदा झाला. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. अन्नवस्त्राच्या हक्कापासून येथवरचा पल्ला मोठा आहे. तरीही स्वयंपाक, पाणी, मुले आणि आजारी माणसे यांच्यासाठी घरात होणारे बाईचे काम देशाच्या उत्पन्नाच्या आकड्यांत आजही धरले जात नाही. रमाबाईंच्या काळच्या विधवेच्या श्रमाला घरात किंमत नव्हती. आज त्याच श्रमाला हिशेबात जागा नाही.

मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत रमाबाईंचे एक पुस्तक हमखास सापडते. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे त्याचे नाव. 1910 साली ते प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्रात्मक वाङ्मयात त्याने मानाचे स्थान मिळविले. ते वाचणाऱ्याला एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ते पुस्तक न्यायमूर्तींच्या अखेरच्या आजारापाशी, 1901 च्या जानेवारीत, संपते. सेवासदनाची स्थापना, ससून रुग्णालयात शिकणाऱ्या मुली, सक्तीच्या शिक्षणासाठी निघालेली मिरवणूक यांतले काहीच त्यात नाही. आपल्या आयुष्याची गोष्ट पतीबरोबर संपली असे त्या पुस्तकाने जणू जाहीर केले. आणि ते छापून निघाले तेव्हा त्याच्या लेखिकेच्या वाड्यात शिवणयंत्रे चालू होती आणि दुपारचे वर्ग भरत होते.

रमाबाईंनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध लिहून ठेवला नाही. तो त्यांनी ज्या शेकडो स्त्रियांच्या हाती पहिला पगार पडू दिला, त्यांच्या घरांत राहिला. त्या पगारातून कोणाच्या धाकट्या भावाचे शिक्षण झाले असेल, कोणाच्या मुलीचे लग्न चार वर्षे लांबले असेल, तर कोणी उतारवयात कोणापुढे हात न पसरता निवाऱ्याचे भाडे भरले असेल. स्त्रियांच्या आर्थिक स्वातंत्र्याचा महाराष्ट्रातील इतिहास लिहिताना या घरगुती हिशेबाच्या वह्यांनाही स्थान द्यावे लागेल. त्या वह्यांतील पुष्कळ पानांच्या आरंभी रमाबाई रानडे यांचे नाव आहे.